जी कोंबडी खुडूक बसत नाही, ती कोणाची?



मागच्या जिल्हा बैठकीत कापसाच्या भावाचा ठराव झाला, ज्वारीच्या खरेदीवरून वादावादी झाली आणि शेवटी आम्ही परसातल्या कोंबडीचा विषय काढला तेव्हा हशा पिकला. "साहेब, आता अंडी मोजायला लावता का?" असं एकजण मोठ्यानं म्हणाला. पुरुष हसत होते. मागच्या सतरंजीवर बसलेल्या बाया काही हसल्या नाहीत. कापसाचा पैसा घरात येतो तो सोसायटीचं, सावकाराचं आणि कृषी सेवा केंद्राचं देणं भागवून उरला तर. कोंबडीचा पैसा रोख येतो, बाईच्या हातात येतो, आणि त्यातून पोराची वही, औषधाची बाटली, एसटीचं तिकीट निघतं. बँकेला तो कापून घेता येत नाही आणि नवऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. हा लेख त्या पैशाबद्दल आहे.

सुरुवात मात्र आपल्या कोरडवाहू गावापासून करत नाही, पनवेलपासून करतो. पुण्याचा रस्ता, गोव्याचा रस्ता आणि मुंबईचा रस्ता पनवेलजवळ एकत्र येतात. मुंबईकराला काय खायचं आहे आणि त्यासाठी तो खिशात किती हात घालतो, हे पाहायचं तर पनवेलच्या नाक्यावर दोन दिवस काढावेत. आम्ही काढले. गोव्याच्या रस्त्याला लागलं की पाट्या सुरू होतात: 'गावठी कोंबडी, तांदळाची भाकरी'. आपण गावरान म्हणतो, तिकडे गावठी म्हणतात. बॉयलरच्या ताटाला जो दर, त्याच्या दुपटीनं गावठीचं ताट. तरी गिऱ्हाईक गावठीच मागतं, आणि आषाढ अमावास्येच्या आधी तर बाकडी कमी पडतात.

एका ढाब्याच्या मालकाला आम्ही सरळ विचारलं, एवढ्या गावठी कोंबड्या रोज येतात कुठून? माणूस प्रामाणिक निघाला. म्हणाला, "दादा, खरी गावठी आठवड्याला दहा-वीस मिळते, ठाकरांच्या वाडीवरून येते. बाकी सगळी कावेरी नाहीतर डीपी. रंगीत पीस दिसलं की गिऱ्हाईक खूश." म्हणजे नाव आपलं, चव आपल्या नावाची, दर आपल्या नावाचा आणि माल शेडमधला. कोकणातल्या आंब्याला भौगोलिक मानांकन आहे. झाबुआच्या कडकनाथालाही २०१८ साली ते मिळालं. 'गावरान' या शब्दाला मात्र कोणी राखण नाही. ज्याच्या हातात ब्रश त्यानं पाटीवर लिहावा.

दुसऱ्या दिवशी खालापूरच्या बाजूला शेड पाहायला गेलो. पाच हजार पक्ष्यांची शेड, करारावरची. कंपनी पिल्लू देते, खाद्य देते, औषध देते आणि चाळीस दिवसांच्या आत-बाहेर दोन-सव्वादोन किलोचा पक्षी गाडीत घालून नेते. शेडवाल्याला किलोमागे पाळायची मजुरी. खाद्य जास्त गेलं, मर जास्त झाली की मजुरी कापली जाते. त्या शेतकऱ्यानं स्वतःचा हिशेब एका दमात सांगितला: "जागा माझी, शेड माझी, कर्ज माझं, वीज माझी, भुसा माझा, रात्रीची झोप माझी. कोंबडी तेवढी कंपनीची." त्यानं हे रडत सांगितलं नाही. आतबट्ट्याच्या भातशेतीपेक्षा बरं, असंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नाही. आम्ही बॉयलरच्या विरोधात लिहायला बसलेलो नाही. दीड-पावणेदोन किलो खाद्यात एक किलो वजन करणारा पक्षी ही शास्त्राची मोठी कमाई आहे, आणि मुंबईच्या मजुराच्या ताटात स्वस्त मांस त्यामुळे आलं.

पण एक गोष्ट आठवते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली पुण्यात हॅचरी सुरू केली आणि १९८२ साली देशभरातल्या अंडी उत्पादकांना एकत्र करून समन्वय समिती उभी केली. व्यापाऱ्यानं ठरवायचा अंड्याचा भाव उत्पादकांची समिती जाहीर करू लागली. घोषणा होती: माझं अंडं, माझा भाव, माझं जीवन. शेतकऱ्यानं स्वतःच्या मालाचा भाव स्वतः सांगायचा, याहून वेगळं आपण काय मागतो? त्या घोषणेला आमचा सलाम आहे. आता ती खालापूरच्या शेडवाल्याला लावून बघा. पिल्लू त्याचं नाही, भाव त्याचा नाही, आणि फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली तेव्हा काही आठवड्यांत बाजार कोसळला आणि किती शेड रिकाम्या राहिल्या ते त्यानंच सांगितलं. शेड रिकामी राहिली म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही.

हे असं का झालं? आमच्या मते सगळं एका गोष्टीपाशी येऊन थांबतं: खुडूक.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. एकवीस दिवस उबवते, मग दीड-दोन महिने पिल्लं अंगाखाली घेऊन हिंडते. तेवढे दिवस अंडं नाही. म्हणून वर्षाला तिची अंडी पन्नास-साठ, फार तर सत्तर. शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही खुडूक काढून टाकली. लेअर कोंबडी तीनशेच्या वर अंडी देते आणि एकही उबवत नाही. तिला जन्माला घालायला उबवणी यंत्र लागतं, आणि तिचे आईबाप कोणाच्या तरी कुलपाआड असतात. बॉयलरचंही तेच. चार वेगवेगळ्या वंशांचा संकर करून शेवटचं पिल्लू विकतात. आजे-पणजे कधी विकत नाहीत. जगभरच्या बॉयलरचे मूळ वंश आज दोन-तीन कंपन्यांच्या हातात आहेत.

कापूस लावणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. १९७० साली सुरतेहून एच-४ आला, जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. उत्पादन वाढलं, सरकी राखून पेरायची पद्धत गेली. २००२ साली बीटी आलं तेही संकरित वाणात घालूनच, आणि पाकिटामागे रॉयल्टी भरत आपण वर्षं काढली. उलट रब्बीची मालदांडी बघा. एम ३५-१ हे सोलापूरकडचं निवड पद्धतीचं वाण, स्वातंत्र्याच्या आधीचं. संकरित ज्वारी १९६४ सालीच आली, तरी रब्बीच्या रानातून मालदांडी हटली नाही. भाकरी चांगली, कडबा चांगला आणि कणगीतलं बी पुन्हा पेरता येतं. गावठी कोंबडी ही परसातली मालदांडी आहे. तिचं बियाणं तिच्याच पोटाखाली तयार होतं.

इथे आमचं स्वतःचं पाप सांगितलं पाहिजे. कृषी पदवी हातात घेऊन नोकरीला लागलो तेव्हा एका योजनेत आम्ही गावोगाव सुधारित रंगीत पिल्लं वाटली. देखणे पक्षी, गावठीच्या दुप्पट वजन, दुपटीहून अधिक अंडी. "गावठी काढून टाका, कोंबडा तर ठेवूच नका, भेसळ होईल," असं आम्ही बायांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, साहेब शिकलेले होते. दीड वर्षानं परत गेलो तेव्हा खुराडी रिकामी होती. पक्षी जड, झाडावर चढत नव्हते, मुंगसानं आणि कुत्र्यांनी नेले. उरले ते म्हातारे झाले आणि एकही खुडूक बसली नाही. पुढची पिल्लं कधी येणार, असं एका म्हातारीनं विचारलं. योजना संपली होती. गावठी वंश आमच्याच सांगण्यावरून भाजीत गेला होता. ज्या कचेरीनं हे करून घेतलं तिचं नाव घेण्यात अर्थ नाही, सही आमची होती.

बंगळूरची गिरिराजा, हैदराबादची वनराजा हे पक्षी वाईट आहेत असं कोणी समजू नये. परसात अंड्यांसाठी दोन ठेवा, खुशाल ठेवा. पण त्यांच्यासाठी गावठी काढू नका, कारण त्यांचं बी तुमच्या घरात तयार होत नाही. वनराजाच्या अंड्यातून पिल्लू निघालं तरी पुढच्या पिढीत आईबापाचा गुण टिकत नाही. हे तुम्हाला पिल्लं वाटणारा सांगत नाही. आम्हीही सांगितलं नव्हतं.

परत पनवेलला येऊ. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर आम्हाला खरी गावठी भेटली. लहान अंग, करड्या-तांबड्या रंगाची, संध्याकाळी आंब्यावर चढून बसणारी. वरच्या अभयारण्यात राखी रानकोंबडा आरवतो. या रानकोंबड्याची एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला माहीत हवी. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण जगातल्या बहुतेक व्यापारी कोंबड्यांचं कातडं आणि पाय पिवळे असतात, तो पिवळेपणा राखी रानकोंबड्याकडून आला, असं स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं २००८ साली दाखवून दिलं. हा राखी रानकोंबडा भारताबाहेर कुठे राहत नाही. सह्याद्री हे त्याचं मोठं घर. म्हणजे भारतातल्या रानाची ठेव अमेरिकेच्या बॉयलरच्या अंगावर आहे. तिची रॉयल्टी आपण कोणाकडे मागितल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

त्या पाड्यावरच्या आजीकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. ढाबेवाला दारात येऊन पैसे देऊन जातो, पण ती खुडूक बसलेली आणि एक तरणा कोंबडा कधीच विकत नाही. का, विचारलं तर म्हणाली, "ती इकली तं मंग काय ऱ्हायला?" तिनं कुठल्या विद्यापीठात पदवी घेतलेली नाही. आमची आहे.

पण आजीच्या पाड्याच्या पलीकडे काय चाललं आहे तेही पाहिलं. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये जासईला शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, पाचजण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. पुढे विमानतळासाठी दहा गावं उठली. त्यात एका गावाचं नावच कोंबडभुजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर मोजला गेला. परसाचा मोबदला कशावर मोजणार? खुराडं, उकिरडा, शेवग्याचं झाड आणि त्याखाली हिंडणाऱ्या कोंबड्या यांची नोंद कुठल्या फेरफारात नसते. फ्लॅट मिळाला, कोंबडी गेली, आणि आता तेच घर रविवारी ढाब्यावर जाऊन कावेरी खातं. आपल्याकडे विमानतळ येणार नाही, पण समृद्धी महामार्गाच्या दोन्ही बाजूंना ढाबे उभे राहतच आहेत. तिथल्या पाटीवर 'गावरान' लिहिलं जाईल, तेव्हा माल कोणाचा असेल ते आजच ठरवायचं आहे.

दुर्मीळ देशी कोंबडी म्हटलं की कोणी तरी कडकनाथचं नाव काढतंच. भिल्ल-भिलालांनी झाबुआ, धार, अलिराजपूरच्या डोंगरात सांभाळलेली ही काळी कोंबडी. मांस काळं, हाडं काळी. तिचं आपल्या राज्यात काय झालं? पिल्लं घ्या, पैसे भरा, अंडी आम्ही चढ्या भावानं परत घेतो, अशी योजना निघाली आणि २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं प्रकरण फुटलं. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, आत्महत्येपर्यंत गोष्टी गेल्या. कोंबडीचा यात काही दोष नव्हता. शिवाय कडकनाथची मादी उबवायला कच्ची. झाबुआतही तिची अंडी बरेचदा दुसऱ्या देशी कोंबडीखाली ठेवतात. हे एवढंच कोणी विचारलं असतं तरी पुष्कळांचे पैसे वाचले असते. परत घेण्याच्या हमीवर जो पिल्लू विकतो तो पिल्लाचा धंदा करतो, कोंबडीचा नाही.

आणि सरकारच्या लेखी गावठीची किंमत किती? बर्ड फ्लू देशात पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, मोठ्या पोल्ट्रीत. आजूबाजूच्या गावांतल्या घरोघरच्या कोंबड्याही गोळा करून मारल्या गेल्या. रोग पसरू नये म्हणून ते करावं लागतं. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण हाच मुलूख 'बुसरा' या देशी कोंबडीचा आहे. कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोच्या जातींच्या यादीत महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या नावावर जी कोंबडी नोंदलेली आहे, ती ही. २०२१ साली नवापूरला पुन्हा तेच झालं. त्या वर्षी राज्यानं जाहीर केलेली भरपाई ऐका: आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसल पक्ष्याला ७० रुपये, अंड्याला ३ रुपये. जी कोंबडी बाजारात चारशे-पाचशेला जाते आणि जिच्या पोटी पुढची तीन वर्षं आहेत, तिला लेअरच्या दरात बसवलं. ज्वारीला सनगाचा दर देण्यासारखं हे आहे. परसातल्या देशी पक्ष्याचा वेगळा दर आणि रोग आटोपल्यावर देशी पिल्लांची भरपाई, ही आपली मागणी आहे आणि ती लेखी द्यायची आहे.

आता हिशेब. विद्यापीठातले आमचे मित्र म्हणतात, तीनशे अंडी कुठे आणि साठ कुठे. बरोबर. पण लेअरच्या तीनशे अंड्यांमागे विकतचं खाद्य, पिंजरा, वीज, औषध लावा. गावठीच्या साठ अंड्यांमागे काय लावणार? खळ्यावरची सांडलवंड, कण्या, वाळवी, किडे आणि उकिरडा. तीन कोंबड्यांनी वर्षात दोन-दोन वेळा बारा अंडी उबवली तर पन्नासच्या वर पिल्लं निघतात. आज त्यातली निम्मी-अर्धी घार, मुंगूस आणि मानमोडी खाते. तीस-पस्तीस वाचली आणि सहा-आठ महिन्यांनी विकली, तर दहा-बारा हजार रुपये घरात येतात, रोख. एकरभर कोरडवाहू कापसात खर्च वजा जाता तेवढे किती वर्षं उरले, ते ज्याचं त्यानं आठवावं.

तेव्हा सगळं भांडण निम्म्या पिल्लांचं आहे. पहिले पाच-सहा आठवडे पिल्लं डालग्याखाली ठेवा, नुसत्या आईच्या भरवशावर उकिरड्यावर सोडू नका. रात्री सगळ्या खुराड्यात. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस हा खरा प्रश्न. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात, महिन्यानं पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बीचं इंजेक्शन. लस महाग नाही. पण कुपीत शंभर-दोनशे पक्ष्यांचा डोस असतो, ती थंड ठेवावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांची बाई ती एकटी आणणार कशी? म्हणून हे काम घराचं राहत नाही, गावाचं होतं. ठरल्या दिवशी पहाटे, कोंबड्या सोडायच्या आत, एका थर्मासमध्ये बर्फ घालून दोघींनी दारोदार फिरायचं.

कापसाच्या गावासाठी तीन गोष्टी जपून. सरकीची पेंड कोंबडीला घालू नका. त्यातल्या विषानं अंड्याचा बलक हिरवट-काळपट होतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. औषध लावलेलं बियाणं पेरताना वर सांडलं तर वेचून घ्या. दोन दाण्यांत तलंग मरते. आणि फवारणीच्या दिवसांत कोंबड्या रानात सोडू नका. २०१७ साली यवतमाळला फवारणीनं माणसं मेली, कोंबडीचं काय घेऊन बसलात. ज्वारीवाल्यांनी पावसात काळी पडलेली बुरशीची ज्वारी कोंबडीला चालते असं समजू नये. चांगल्या कण्या द्या, काळी बाजूला काढा.

कोंबडा दरवर्षी बदलावा लागतो. एकाच घरातला कोंबडा त्याच्याच पोरींवर सोडला की दोन-तीन पिढ्यांत अंडी गाभोळी निघतात, पिल्लं मरतुकडी होतात, आणि मग लोक म्हणतात गावठीत दम राहिला नाही. पूर्वी लेक सासरी जाताना, जत्रेला, देवाला बोललेल्या कोंबड्याच्या निमित्तानं ही अदलाबदल आपोआप व्हायची. आता ठरवून करावी लागेल.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावातून निदान एका बाईनं यावं आणि येताना डालग्यात एक तरणा कोंबडा आणावा, गावठी, खुडूक बसणाऱ्या कोंबडीच्या पोटचा. कोणत्या गावचा, कोणत्या रंगाचा, आईनं किती अंडी उबवून किती पिल्लं जगवली, हे चिठ्ठीवर लिहून पायाला बांधावं. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ. जाताना दुसऱ्या तालुक्यातला कोंबडा घेऊन जायचा, पैशाचा व्यवहार नाही. रंगीत योजनेतले पक्षी आणू नयेत, ओळखू येतात. ज्या गावात पंधरा घरं लसीला तयार असतील त्यांनी तारीख सांगावी, कुप्या आणि बर्फाची सोय जिल्ह्याकडून होईल. बैठक दुपारी आहे, उन्हाची. डालग्यावर ओलं पोतं टाकून आणा.